बोलण्याचा अभ्यास बाजारात कसा करावा

भाषेचा मानववंशशास्त्रीय अभ्यास शब्दांच्या यादीपासून नव्हे, तर एखाद्या प्रसंगापासून सुरू करावा. कोण, कोणाशी, कुठे, कशासाठी आणि कोणत्या सुरात बोलतो हे पाहण्याची ही दृष्टी अमेरिकी भाषा-मानववंशशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी १९६२ मध्ये मांडली. मराठवाड्यात त्यासाठी आठवडी बाजार किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावची यात्रा निवडावी.

जनावरांच्या सौद्यात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव सांगतो, तेव्हा भोवतीच्यांच्या कानावर पडते ती केवळ वरवरची बोलणी. म्हणून निव्वळ ध्वनिमुद्रणावर विसंबू नये. हात, नजर आणि मौनही वहीत उतरवावे. परवानगी अर्थातच आधी घ्यावी.

‘काय करायलास?’ हे ‘काय करत आहेस?’ असे सुधारून लिहू नये, कारण ही अशुद्ध मराठी नसून स्वतःचे व्याकरण असलेली बोली आहे. एकच व्यक्ती तहसील कचेरीत प्रमाण मराठी, बाजारात दखनी (दख्खनची उर्दू बोली) आणि तांड्यावर गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा) बोलत असेल, तर भाषा नेमकी कोणत्या क्षणी व कोणाला पाहून बदलली हे टिपावे. माझ्या मते अभ्यासाचे खरे धन तेथेच आहे. १९४८ पर्यंत येथे निजामाचे राज्य होते व कारभार उर्दूत चाले, हेही ध्यानात ठेवावे.

पुढे नोंदी त्याच माणसांना वाचून दाखवाव्यात, ‘मामा, तुम्ही असं का म्हणालात?’ असे विचारावे आणि त्यांचे स्पष्टीकरण आपल्या अर्थापासून वेगळे लिहावे.