खोल भरावाखालच्या काँक्रीट मोरीवरील मातीचा भार कसा कमी करावा

उंच भरावाखालच्या काँक्रीट मोरीवर, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या बंदिस्त मार्गावर, किती भार येईल, हे काढताना भरावाची उंची आणि मातीचे एकक वजन यांच्या गुणाकारापाशी थांबणे धोक्याचे आहे. घनमीटरला 20 किलोन्यूटन वजनाच्या मातीचा 15 मीटर भराव हिशेबाने 300 किलोपास्कल दाब देतो. प्रत्यक्षात ताठ मोरीच्या छतावर कित्येकदा त्याच्या सव्वा ते दीडपट दाब येतो. मोरी जवळपास दबत नाही, तिच्या दोन्ही बाजूंचा भराव मात्र खचत राहतो आणि खचताना मधल्या मातीला घर्षणाने खाली ओढतो. भार अशा सापेक्ष खचण्यावर ठरतो, हे अमेरिकन अभियंते अ‍ॅन्सन मार्स्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवले.

म्हणून या घर्षणाची दिशा उलटवावी. छतावर सहज दबणारा थर ठेवला, तर मधली माती बाजूंपेक्षा अधिक खचते, बाजूची माती तिला धरून ठेवते आणि भाराचा मोठा हिस्सा कमानीसारखा बाजूंकडे वळतो.

पूर्वी या थरासाठी पेंढा किंवा लाकडाचा भुसा वापरत. तो कुजतो आणि किती दबेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे तो टाळावा. घनमीटरला सुमारे 15 किलो घनतेचे थर्माकोलचे ठोकळे अधिक योग्य, कारण असा ठोकळा सुमारे 70 किलोपास्कल दाबाखाली 10 टक्के दबतो आणि त्यापुढे दाब थोडा वाढला तरी बराच दबत जातो.

प्रथम मोरीच्या दोन्ही बाजूंचा भराव छताच्या पातळीपर्यंत पातळ थरांत, दोन्हीकडे समान उंची राखून, रोलरने पक्का दाबून घ्यावा. माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे: बाजू सैल राहिल्या, तर त्याही थराबरोबर खचतात आणि सगळा लाभ निघून जातो. मग छतावर वाळूचा पातळ समतल थर पसरून मोरीच्या बाह्य रुंदीइतके ठोकळे, सांधे एकावर एक येणार नाहीत असे मांडावेत. पेट्रोल, डिझेल झिरपण्याची शक्यता असेल, तर त्यांवर इंधनरोधक पडदा अंथरावा. वरचे पहिले थर हलक्या यंत्राने दाबावेत. भराव उथळ असेल, तर मधले खचणे पृष्ठभागापर्यंत पोहोचून रस्त्यावर खळगा पडतो. तिथे ही पद्धत वापरू नये.

छतावरून वळलेला भार नाहीसा होत नाही. तो बाजूच्या भरावात जातो, भिंतींना घासत खाली उतरतो आणि पायावर येतो. त्यामुळे छतावरचा दाब जितका घटला तितकीच सूट भिंतींच्या व पायाच्या आरेखनात घेऊ नये. छतावर आणि बाजूच्या भरावात दाबमापक बसवून नोंदी भराव पूर्ण झाल्यावरही चालू ठेवाव्यात, कारण थर्माकोल स्थिर भाराखालीही हळूहळू दबत राहतो.