जर्मन हेल्मेट घेताय? आधी उलटं करून बघा

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन हेल्मेट दाखवताना विक्रेता आधी बाजूचं गरुडाचं चिन्ह पुढे करतो. त्याला भुलू नका, सर्वात जास्त बनवाबनवी तिथेच होते. हेल्मेट उलटं करा. आत डाव्या बाजूला, कडेजवळ ‘ईटी ६४’सारखा ठसा असतो. ईटी म्हणजे थाले गावचा कारखाना, ६४ हे पोलादी कवचाचं माप. त्यात ५६ किंवा ५७ मापाचं कातडी अस्तर बसतं. ५९ निघालं तर जोडाजोड समजा. मग हवेची भोकं बघा. १९३५च्या नमुन्यात भोकाला वेगळी कडी बसवलेली असते, १९४०च्यात ती पत्र्यातूनच उठवलेली. १९४२च्या नमुन्याची कड आत न वळवता तशीच सोडलेली असते. अशी कड आणि वेगळी कडी एकत्र दिसली, तर घासाघीस करतही बसू नका.