कृमीच्या शास्त्रीय नावाची फोड कशी करावी?

सिन्नर तालुक्यातल्या माझ्या आजीच्या घोट्यावर नारूचा, म्हणजे कातडीतून बाहेर येणाऱ्या दोऱ्यासारख्या कृमीचा, व्रण होता. त्याच नारूला शास्त्रात ‘ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस’ म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. अशी नावं पाठ करत बसू नका, त्यांची फोड करा.

आधी दोन शब्द वेगळे करा. पहिला प्रजातीचा (जीनस), आडनावासारखा; दुसरा जातीचा (स्पीशीज).

मग दुसऱ्या शब्दाचं शेपूट पाहा. ‘एन्सिस’ आलं की ठिकाण शोधायचं. मेडिनेन्सिस म्हणजे मदिनेचा, आपण ‘नाशिककर’ म्हणतो तसं. ‘ऑइडिस’ म्हणजे सारखा: पोटातला मोठा जंत ‘अ‍ॅस्कॅरिस लुम्ब्रिकॉइडिस’, म्हणजे गांडुळासारखा. हत्तीपायाच्या ‘वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टाय’मध्ये तर दोन्ही शब्द डॉक्टरांच्या नावांवरून आलेत, वुचेरर आणि बॅन्क्रॉफ्ट. ठिकाणावरून उगम मात्र ठरवू नका. नारू मदिनेपुरताच असता तर आमच्या बारवेत कुठून आला असता?

आता मूळ शब्दाकडे वळा, खरी गंमत इथेच आहे. लॅटिनमध्ये ‘ड्रॅको’ म्हणजे मोठा सर्प, ड्रॅगन. ‘ड्रॅकन्क्युलस’ म्हणजे त्याचं पिल्लू म्हणा. मादी मीटरभरही लांब होते. जुने अरब वैद्य तिला ‘मदिनेची शीर’ म्हणत, आयुर्वेदात हा रोग ‘स्नायुक’. कातडीतून पांढरा दोरा बाहेर येताना पाहिला की दोघांनाही शीर-स्नायूच आठवले. तो दोरा काडीवर गुंडाळत, रोज जरासा, तुटू न देता काढायचा.

नावापुढे ‘(लिनियस, १७५८)’ असं, म्हणजे नाव ठेवणारा शास्त्रज्ञ आणि साल, कंसात दिसलं, तर समजा की प्रजाती नंतर बदलली. लिनियसने नारूला ‘गॉर्डियस मेडिनेन्सिस’ म्हटलं होतं. आडनाव बदललं, मदिना राहिली. जंताच्या नावापुढे तेच साल, पण कंस नाही: त्याचं नाव आजही लिनियसने ठेवलं तेच.

शेवटी नाव कृमीच्या वागण्याशी ताडून पाहा. आजी म्हणायची, “पायावर निखारा ठेवल्यागत व्हायचं.” त्या आगीपायी माणूस पाय पाण्यात बुडवी आणि मादी तिथेच हजारो अळ्या सोडी. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव त्या गिळत, आणि तेच पाणी न गाळता प्यायलं की नारू पुढच्याच्या अंगात. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. आजीच्या घरात माठाच्या तोंडाला फडकं मात्र शेवटपर्यंत बांधलेलं असे.