हलगीला सेन्सर लावला तिथून: कोल्हापुरात राहून डिजिटल माध्यमांच्या संशोधनात शिरताना

गेल्या दोन वर्षांत राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर दहा-बारा मुलंमुली येऊन गेली असतील. कुणी शिवाजी विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स करतंय, कुणी कॉम्प्युटर सायन्स, एकजण चित्रकलेचा, एक मुलगी मराठीत एम.ए. करणारी. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो. "ताई, इंटरॅक्टिव्ह मीडियात रिसर्च करायचाय. अॅडमिशन कुठं घेऊ?" इंटरॅक्टिव्ह मीडिया म्हणजे माणसाच्या हालचालीला किंवा निवडीला उत्तर देणारी डिजिटल माध्यमं.

अॅडमिशनचं मी सांगतेच. पण त्याआधी प्रत्येकाला माझ्या हलगीची गोष्ट ऐकावी लागते, कारण या क्षेत्रातली माणसं एकमेकांना कशी सापडतात हे मला त्या हलगीनंच शिकवलं.

मी एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सची. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला सगळे तापमान मोजणारे नाहीतर शेतीला पाणी सोडणारे सेन्सर करत होते. मी लहानपणी वडिलांबरोबर खासबागेत कुस्त्या बघायला जायची. हलगीचा ठेका चढला की अख्खं मैदान कसं उठतं, ते डोक्यातून गेलं नव्हतं. म्हणून हलगीलाच सेन्सर लावायचं ठरवलं. ठोका पडला की पडद्यावर रंग उमटावा आणि स्पीकरमधून दुसरा एखादा आवाज यावा, एवढीच कल्पना. पिझोची, म्हणजे ठोक्याचा विजेचा संकेत करणारी, वीस रुपयांची पितळी चकती घेतली, तिला समांतर एक मेगाओहमचा रेझिस्टर लावला, पुढं आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड आणि आवाजासाठी 'प्युअर डेटा' हे फुकट सॉफ्टवेअर. चकती कडेला घट्ट बसावी म्हणून उद्यमनगरातल्या एका टर्नरकाकांनी लेथवर अॅल्युमिनियमची छोटी पकड करून दिली. त्यांनी ती तीन वेळा बदलली आणि पैसे एकदाचेच घेतले. वर्गात टाळ्या पडल्या, मार्क चांगले मिळाले.

मग ती हलगी घेऊन मी एका वादक मामांकडे गेले. त्यांच्या घरात तीन पिढ्या हलगी आहे. त्यांनी एका हातात टिपरू घेतलं, दुसऱ्या हातात बारीक काडी, चार ठोके मारले आणि थांबले.

"पोरी, ह्यो आवाज मागनं येतोय."

मला तसं काहीच जाणवत नव्हतं. घरी आल्यावर फोनवर रेकॉर्डिंग केलं आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघितलं. एका ठोक्याच्या दोन लहरी दिसत होत्या, पहिली कातड्याची आणि दुसरी स्पीकरची. मध्ये १८० मिलिसेकंदांची फट. दोष ब्लूटूथ स्पीकरचा होता. वायर लावल्यावर फट एकदम कमी झाली. मग बफर, म्हणजे संगणक आवाजाचे जेवढे नमुने साठवून मग पुढं पाठवतो तो साठा, ५१२ नमुन्यांवरून १२८ वर आणला. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर ५१२ चे साधारण साडेअकरा मिलिसेकंद होतात आणि १२८ चे तीनपेक्षाही कमी. पुन्हा मामांकडे गेले. या वेळी ते वाजवतच राहिले.

आता खरा प्रश्न डोक्यात आला. वाजवणाऱ्याच्या हाताला नेमका किती उशीर चालतो? शोधता शोधता बर्कलीच्या डेव्हिड वेसल आणि मॅथ्यू राइट यांचा २००१ मधला लेख सापडला. हालचाल आणि ऐकू येणारा आवाज यांत १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर असू नये, असं त्यांनी त्यात मांडलंय. मामांनी नुसत्या कानानं जे पकडलं होतं, त्याच्यावर जगात एक मोठा गट वर्षानुवर्षं काम करतोय हे मला त्या रात्री कळलं. वाचत वाचत पहाट झाली.

त्या गटाचं नाव नाइम. वाद्यांसाठी नवे इंटरफेस बनवणाऱ्या लोकांची ही परिषद. २००१ मध्ये सिअॅटलला एका मोठ्या परिषदेतली छोटी कार्यशाळा म्हणून ती भरली, आणि २००२ मध्ये डब्लिनला स्वतंत्र झाली. तिचे सगळे लेख फुकट वाचता येतात. ज्या मोठ्या परिषदेत ती जन्मली ती सीएचआय. माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहाराचा अभ्यास करणाऱ्या सिगकाय या १९८२ पासूनच्या गटाची ही मुख्य परिषद, आणि तिचा उच्चारही 'काय' असाच करतात.

विद्यापीठांची संशोधन-जाळी म्हटली की मुलांच्या डोळ्यांसमोर मोठ्या इमारती आणि सामंजस्य करार येतात. तेही असतं. दोन देशांतली विद्यापीठं मिळून केंद्र चालवतात, जपानचं केयो आणि सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ यांनी मिळून उभारलेलं क्यूट सेंटर त्यातलंच. पण नवख्याला आत घेणारं जाळं वेगळं असतं. ते अशा परिषदांभोवती विणलेलं असतं, आणि त्यांतली प्रत्येक परिषद एका विशिष्ट प्रश्नाची असते. हातात धरता येणाऱ्या, स्पर्शाच्या वस्तूंवर काम करणारे टीईआयला जमतात, ती २००७ ला सुरू झाली. खेळांचा अभ्यास करणाऱ्यांची डिग्रा ही संघटना २००३ ची. वाचकाच्या निवडीप्रमाणे वळणाऱ्या कथांवर काम असेल तर आयसीआयडीएस, ती २००८ पासून. आपल्याकडे माणूस-संगणक व्यवहारावरचीच इंडिया एचसीआय ही परिषद आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यानं तिथंच जावं असं माझं स्पष्ट मत आहे. माणसं आपली, खर्च आवाक्यातला, आणि हलगी म्हणजे काय हे पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही.

मराठीत एम.ए. करणाऱ्या त्या मुलीला वाटत होतं की आपला इथं काय संबंध. तिला मी ट्वाइन दाखवलं. क्रिस क्लायमस यांनी २००९ मध्ये बनवलेलं हे साधन फुकट आहे आणि कोड न लिहिता त्यात फाटे फुटणारी कथा रचता येते. तिनं आजीकडून ऐकलेली एक कहाणी त्यात बसवली. ऐकणारा मध्येच "मग काय झालं?" म्हणाला की आजी गोष्ट कशी वळवायची, हाच तिचा अभ्यासविषय झाला. तंत्र नंतर शिकता येतं. कहाणी सांगणाऱ्याची लकब ओळखणारा कान मात्र तिच्याकडे आधीपासून होता.

आता पत्र लिहिण्याबद्दल. अनोळखी प्राध्यापकांना मी पहिल्या वर्षी चाळीसेक मेल पाठवले असतील. 'मला तुमच्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे' या थाटाचे, लांबलचक, सोबत मार्कलिस्ट. उत्तर एकही नाही. नंतर एका संशोधिकेला पाच ओळी लिहिल्या. तुमच्या लेखात तालवाद्याचं कातडं स्थिर ताणाचं धरलंय. आमच्याकडे हलगी वाजवण्याआधी जाळावर तापवतात, त्यामुळं सेन्सरचे आकडे दर अर्ध्या तासाला बदलतात. तुम्ही यावर काही केलंय का? सोबत एका मिनिटाचा व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि उत्तरात त्यांचेच चार प्रश्न होते. आजही महिन्यातून एकदा आम्ही बोलतो. त्यांना माझी पदवी माहीत नव्हती, कॉलेजचं नाव माहीत नव्हतं. त्यांच्या कामात जी जागा रिकामी होती तिथं माझ्याकडे काहीतरी होतं, एवढ्यावर ते जुळलं.

पहिला लेख नाकारला गेला. परीक्षकानं लिहिलं होतं की वाद्याचं वर्णन सुंदर आहे, पण संशोधनाचा प्रश्न कुठं आहे? आठवडाभर राग होता. मग पुन्हा वाचून बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. मी 'हे बनवलं' एवढंच सांगितलं होतं; बनवताना इतरांना उपयोगी पडेल असं काय कळलं, ते कुठंच नव्हतं. बनवता बनवता शोध घेण्याची ही पद्धत या क्षेत्रात मान्य आहे, पण त्यासाठी रोजची वही लागते. काय केलं, काय फसलं, का बदललं. टर्नरकाकांनी पकड तीन वेळा का बदलली हे मी लिहून ठेवलं नव्हतं आणि दोन वर्षांनी ते त्यांनाही आठवेना. ती चूक मला फार महाग पडली. वही पहिल्या दिवसापासून ठेवा, मराठीतच ठेवा.

पूर्ण लेखाच्या आधी छोट्या वाटाही असतात: डेमो, चालू कामाचे दोन-चार पानी लेख, पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी आपलं काम मांडून सल्ला घ्यायची बैठक, म्हणजे डॉक्टरल कन्सॉर्शियम. स्वयंसेवक म्हणून गेलात तर ठरलेले तास काम करायचं आणि नोंदणी शुल्क माफ होतं. सिगकायचं गॅरी मार्सडन यांच्या नावानं प्रवास-अनुदानही आहे. शेवटची तारीख बहुतेकदा 'एओई' अशी लिहितात, म्हणजे पृथ्वीवर कुठंतरी ती तारीख चालू असेपर्यंत. आपल्याकडे त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे साडेपाच. मी एकदा आदल्या रात्री बारालाच रडत झोपले होते आणि सकाळी कळलं की अजून अख्खा दिवस हातात आहे.

याच काळात मी फसलेही. एका 'आंतरराष्ट्रीय परिषदे'चं निमंत्रण आलं, लेख पाठवला, चौथ्या दिवशी स्वीकारल्याचं पत्र आणि अकरा हजार रुपयांची मागणी. शिकवणीचे साठवलेले पैसे भरले. परिषद म्हणजे हॉटेलातली एक खोली निघाली. तिथं माझ्याआधी सिमेंटवर आणि माझ्यानंतर योगावर पेपर होता. परीक्षकांचा एकही शेरा नसेल, सगळे विषय एकाच छत्राखाली असतील आणि पैशाची घाई असेल, तर लांब राहा. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा ही पारख आता आपली आपणच करायची आहे. सोपा उपाय म्हणजे तुम्हाला आवडलेल्या पाच लेखांचे लेखक आणखी कुठं लिहितात ते बघा आणि तिथंच जा.

वाचायला पैसे लागतात हा समज काढून टाका. सिगकाय जिचा भाग आहे त्या एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेचे १९५१ ते २००० पर्यंतचे लेख २०२२ पासून सर्वांना खुले आहेत. डिग्राचं ग्रंथालय खुलं आहे. भारतातले प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मिळतात. सरकारी विद्यापीठात असाल तर 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेत जानेवारी २०२५ पासून सुमारे १३,००० नियतकालिकं वाचता येतात. ग्रंथपालांना भेटून लॉगिन मागून घ्या, मुलं तेवढंही करत नाहीत.

आणि अॅडमिशन. डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांत मुंबईच्या आयआयटीतलं आयडीसी १९६९ चं, अहमदाबादचं एनआयडी १९६१ चं, गुवाहाटीच्या आयआयटीत डिझाइन विभाग आहे. आयआयटीतल्या डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीड परीक्षा, तिचा निकाल एकच वर्ष चालतो. पीएचडीला नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, शिवाय घरभाडं. घरच्यांना समजवायला हा आकडा फार उपयोगी पडतो. माझ्या आईचा विरोध त्या आकड्यानं निम्मा झाला. मुलाखतीला मी महालक्ष्मी एक्सप्रेसनं हलगी मांडीवर घेऊन गेले. पॅनेलवरच्या तिघांनीही ती वाजवून बघितली, मार्कांबद्दल कुणी फारसं विचारलं नाही.

एका गोष्टीवर मात्र मी हट्टानं बोलते. संशोधनात माणसांची नावं लपवायची पद्धत असते, आणि आरोग्याची किंवा खासगी माहिती असेल तर ती योग्यच आहे. पण ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या हे वाद्य आहे, त्यांना 'सहभागी क्रमांक ३' करून टाकणं मला पटत नाही. माझ्या संमतीपत्रात, जे मराठीत आहे आणि मी मोठ्यानं वाचून दाखवते, एक स्वतंत्र ओळ आहे: तुमचं नाव छापायचं की नाही? नऊपैकी आठ जणांनी छापा म्हणून सांगितलं. वेळेचे पैसे त्याच दिवशी हातात द्यायचे, व्हिडिओची प्रत घरी पोचवायची. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा किती जण आपापल्या फोनमध्ये जुने फोटो शोधत होते ते मी पाहिलंय. आपण जे नोंदवून घेतो त्यावर पहिला हक्क इथल्या माणसांचा आहे.

बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला. हातात लेथ आणि शेजारी कलावंत हे भांडवल इथं पूर्वीपासून आहे, म्हणूनच मी वर्षातले सहा महिने क्षेत्रकामाच्या निमित्तानं इथं काढते.

गेल्या हिवाळ्यात देशातल्याच एका परिषदेत माझा डेमो होता, समुद्रकाठच्या शहरात. दोन दिवसांत पुष्कळ लोकांनी हलगी वाजवली, रंग उमटले, उशीर कुणालाच जाणवला नाही. परत आल्यावर मी मामांच्या ओसरीवर बसून त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी फोन कानाजवळ नेला, एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं.

"तापवली न्हाईस व्हय?"

"हॉलमध्ये जाळ पेटवू देत नाहीत, मामा. हेअर ड्रायर लावला होता."

"त्यानं वरचंच कातडं तापतंय. कडा गारच ऱ्हात्या." त्यांनी बोट कडेवरून गोल फिरवलं आणि माझी पकड जिथं बसते नेमकं तिथं थांबवलं. "तुझं यंत्र हितंच बसतंय न्हवं?"

मी वही काढली.