मेळघाटातल्या गावासाठी आगीचं पाणी

चिखलदरा-धारणीच्या डोंगरात अग्निशमनाची गाडी घाट चढून येईपर्यंत कुडाचं घर उरत नाही. पाणी गावातच राखावं लागतं.

नळयोजनेची टाकी २०,००० लिटरची, २ मीटर उंच पाण्याची असेल, तर घरगुती जोडणी तळापासून १ मीटरवर घ्या. खालचं १०,००० लिटर आपोआप शिल्लक राहतं. तळाची अडीच इंची जोडणी फक्त आगीसाठी. तिचा व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा उघडा, नाहीतर गाळ बसून ऐन वेळी फिरत नाही. टाकी वस्तीच्या २० मीटर वर असली की दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २ किलो दाब मिळतो, पण पुढे बारीक पाइप जोडला तर हा दाब घर्षणातच जातो. प्लास्टिकचा पाइप उघडा नको, वितळतो; दोन फूट खोल गाडा. होजचे आटे जोडणीला बसतात का, हे उन्हाळ्याआधी लावूनच बघा. घोळ बहुतेकदा इथंच होतो.

वणवा पुष्कळदा मोहाखाली सुरू होतो, कारण फुलं वेचायला पाला जाळतात. त्याऐवजी जुनी लुगडी किंवा जाळी अंथरा. गावाभोवतीची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा, फेब्रुवारीच्या मध्याआधी साफ हवी. खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात टाका. आराखडा ठरवणारी ग्रामसभा चुकली की वर्ष गेलं. वनविभागाचा १९२६ क्रमांक टाकीवरच रंगवा.