हृदयाचं ऑपरेशन झालेल्या बाळाच्या विकास-तपासणीला निघताना

विकास-तपासणीची, म्हणजे बाळाची हालचाल, बोलणं, समज वयाप्रमाणे आहे का हे बघण्याची, तारीख मिळाली की एक नवी फाईल करा. इको, ईसीजी, औषधांच्या चिठ्ठ्या हृदयाच्या फाईलीत राहू द्या; ही फाईल मेंदूची. तिच्यात पहिला कागद डिस्चार्ज समरीचा. बायपास मशीनवर (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) किती वेळ गेला, आयसीयूत किती दिवस काढले, एक्मो (तेच काम काही दिवस करणारं यंत्र) लागलं का, झटके आले होते का, हे विकासतज्ज्ञ विचारणारच. डोक्याची सोनोग्राफी किंवा एमआरआय, ऐकण्याची तपासणी आणि जनुकीय चाचणी झाली असेल तर ते रिपोर्टही लावा. आठवणीवर विसंबू नका. त्या दिवसांतलं आई-बापाला धड काही आठवत नसतं.

घरातलं कुणीतरी म्हणेलच, ऑपरेशन चांगलं झालं, बाळ हसतंय, मग हे कशाला? त्यांना शांतपणे सांगा. हृदयाची रचना बिघडलेली असली की पोटात असतानाच मेंदूला प्राणवायू कमी पडू शकतो. हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली किंवा हृदयाची डावी बाजू न वाढलेली बाळं पूर्ण दिवसांची जन्मली, तरी एमआरआयवर त्यांचा मेंदू साधारण महिनाभर मागे दिसतो. काहींच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागाला ऑपरेशनच्या आधीच इजा झालेली असते. म्हणून, आयांनो, हे आपल्या हातून झालं असं मनातही आणू नका.

आता वही. मान कधी धरली, पालथं कधी पडलं, चिमटीत दाणा उचलतं का, नावाला वळून बघतं का, बडबड कशी आहे, हे तारखेसह लिहा आणि मोबाईलवर छोटे व्हिडिओ घ्या, कारण परक्या खोलीत बाळ गप्प बसतं. छातीवर टाके होते म्हणून जागेपणी पोटावर पालथं ठेवायला उशिरा सुरुवात केली असेल तर तेही नोंदवा. मान आणि खांदे मागे पडण्याचं ते एक कारण असतं. बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर सुधारित वय काढून ठेवा: आठ आठवडे आधी आलेलं दहा महिन्यांचं बाळ आठ महिन्यांच्या मापानं बघायचं.

त्या सकाळी झोप आणि दूध झालेलं असावं, औषध वेळेवर दिलेलं असावं. चष्मा किंवा कानाचं यंत्र असेल तर बरोबर घ्या. सर्दी-ताप असेल तर सरळ फोन करून तारीख बदला. आजारी बाळाचे गुण खरे नसतात. बेली चाचणी (खेळण्या-ठोकळ्यांवरून लहान मुलांचा विकास मोजणारी) होणार असेल तर घरी ठोकळ्यांचा सराव करून घेऊ नका, आत बसल्यावर उत्तरं सुचवू नका. त्या चाचणीत सरासरी 100 असते. आकडा त्याहून थोडा खाली आला म्हणून रडू नका, कोणत्या बाजूला मदत हवी ते विचारा. एमआरआय ठरला असेल तर पेसमेकर आहे का ते आधीच सांगा, आणि झोपेचं औषध देणार असतील तर किती तास उपाशी ठेवायचं ते लिहून घ्या.

आणि एकदा जाऊन थांबू नका, हे मी कळकळीनं सांगते. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2012 साली 12 ते 24 महिने, 3 ते 5 वर्षं आणि 11 ते 12 वर्षं अशा टप्प्यांवर पुन्हा बघायला सांगितलं. बोस्टनमध्ये 1988 पासून रक्तवाहिन्यांची अदलाबदल असलेल्या मुलांचा 16 वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला. त्यांची बुद्धी सरासरीच्या आसपास होती, तरी निम्म्याहून अधिक मुलांना अभ्यासात किंवा वागणुकीत जादा मदत लागली होती. लक्ष टिकणं, कामाचा क्रम लावणं, आकृतीवरून जागा ओळखणं या अडचणी पाळण्यात दिसत नाहीत, शाळेत दिसतात. म्हणून शाळेत नाव घालताना बाईंना ऑपरेशनबद्दल सांगायचं, हेही वहीत लिहून ठेवा. आणि खोलीतून बाहेर पडण्याआधी लेखी अहवाल कधी मिळेल ते विचारा, पुढची तारीख घ्या.