स्टेज फोरची औषधं कमी करायची का, हे कसं ठरवायचं

सासूबाईंना आम्ही सगळे माय म्हणतो. मायला ब्रेस्टचा कॅन्सर, हाडात गेलेला म्हणजे स्टेज फोर, साडेतीन वर्षं झाली औषधं चालू आहेत अन् स्कॅन चांगले यायलेत. मागच्या वर्षी गादी उन्हात टाकताना खालून कॅप्सूलच्या स्ट्रिपा निघाल्या, अर्ध्या भरलेल्या. विचारलं, माय, का बरं घेईनात? तर म्हणल्या, "बाई, दोन भाकरी थापल्या की बसावं वाटतंय." म्हणजे कुणाला न सांगता त्यांनी आपल्या मनानंच औषध कमी केलं होतं. तुमच्याकडं असं होऊ नये म्हणून हे लिहायलेय.

आधी एक समजून घ्या, कमी करणं म्हणजे बंद करणं नाही. डोस कमी होतो, दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढतं, तीनातलं एक औषध थांबतं, किंवा सगळंच थांबतं. या चार वेगळ्या गोष्टी आहेत अन् डॉक्टरला नुसतं "कमी करू का" म्हणलं तर उत्तर "नाही" हेच येणार. म्हणून कागदावर प्रत्येक औषधाचं नाव, ते कशासाठी अन् त्यानं त्रास काय, असं लिहून काढा.

मायचं सांगते. पाल्बोसिक्लिब, म्हणजे कॅन्सरची वाढ रोखायची कॅप्सूल, २१ दिवस घ्यायची, ७ दिवस सुट्टी, डोस १२५ मिलीग्रॅम. पांढऱ्या पेशी सारख्या उतरायच्या. या औषधात १२५ वरून १०० अन् मग ७५ अशा पायऱ्या ठरलेल्याच आहेत, अन् पेशी उतरल्यामुळं ज्यांचा डोस कमी केला त्यांचा आजार त्यामुळं लवकर वाढला असं अभ्यासात दिसलं नाही. हे ऐकून आमचा अर्धा जीव भांड्यात पडला. दुसरं, हाडं मजबूत राहायचं झोलेड्रोनिक इंजेक्शन. ते दर महिन्याला चालू होतं. २०१७ साली अमेरिकेतला १८०० वर पेशंटचा अभ्यास आला, त्यात दर १२ आठवड्यांनी दिलं तरी दोन वर्षांत हाडं मोडायचं वगैरे प्रमाण वाढलं नाही. म्हणजे वर्षाच्या बारा-तेरा चकरा चारवर येतात, आमच्यासारख्या लातूर जिल्ह्यातल्या औश्याकडून गाडी करून जाणाऱ्याला हे लई मोठं आहे. तिसरी लेट्रोझोल, हार्मोन कमी करायची गोळी, तिला हात लावला नाही. तिच्यानं सांधे लई दुखत असतील तर बंद करू नका, त्याच जातीतली दुसरी गोळी बदलून मिळते का ते विचारा.

हर टू पॉझिटिव्ह असेल, म्हणजे गाठीच्या तपासणीत हर टू नावाचं प्रथिन जास्त निघालं असेल, तर गणित वेगळं. तिथं डोसिटॅक्सेल ही किमो साधारण सहा सायकलनंतर थांबवतात अन् ट्रास्टुझुमॅब-पर्टुझुमॅब ही हर टू वरची औषधं दर तीन आठवड्यांनी चालू राहतात. या औषधांच्या मोठ्या चाचणीत ही दोन्ही घेणाऱ्या ३७ टक्के बाया ८ वर्षांनी हयात होत्या, म्हणून आता "अजून किती वर्षं घ्यायचं" हा प्रश्न पडायला लागलाय. पक्कं उत्तर कुणाकडंच नाही, आजार वाढेपर्यंत चालू ठेवा हाच आजचा नियम. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदय कमजोर दिसलं तर मात्र थांबवावं लागतं.

जायच्या आधी महिनाभर वही ठेवा. कोणत्या दिवशी थकवा, कधी जेवण गेलं नाही, किती वेळ झोपल्या. माझी वही बघून कळलं की मायचा थकवा सुट्टीच्या आठवड्यातपण जाईना, मग हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी ट्वेल्व्ह तपासलं तर हिमोग्लोबिन ८ निघालं! सगळं खापर एकाच गोळीवर फोडू नका.

कारण पैसा असेल तर लाजू नका, स्पष्ट सांगा. एक दिवसाआड गोळी खाऊ घालण्यापेक्षा ते बरं. पाल्बोसिक्लिबचं भारतातलं पेटंट २०२३ च्या जानेवारीत संपलं, आता बऱ्याच कंपन्यांची स्वस्त मिळते, तरी कितीतरी घरं जुनीच महाग आणायलीत. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. दुसरं मत घ्यायचं तर संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे, आमच्या भागातले लोक बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात जातात.

डॉक्टरसमोर एवढं नक्की विचारा: नेमकं कोणतं कमी करायलोत, पुढचा स्कॅन कधी, अन् आजार वाढला तर हेच औषध परत चालंल का. शेवटच्याची हमी कुणी देत नाही, हे ऐकायची तयारी ठेवा. कमी केल्यावर पाठ नव्यानं दुखायली, पायात ताकद वाटंना, लघवी अडली किंवा आपोआप व्हायली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी गाठा.

अन् हे सगळं पेशंटला विचारून. आमच्याकडं पुण्याचे दीर फोनवर "काही कमी करायचं नाही" म्हणायले, इकडं माय कोपऱ्यात गप. कितीतरी घरात तर बाईला आजाराचं नावच सांगितलेलं नसतं, "गाठ आहे" एवढंच, मग ती ठरवणार कशी? आम्ही मायला समोर बसवून सगळं सांगितलं अन् विचारलं, तुम्हाला काय पाहिजे. त्या म्हणल्या, येळवशीला (वेळ अमावस्येच्या सणाला) शेतात जायचंय, भज्जी (सणाची मिसळभाजी) माझ्या हातची करायचीय. डॉक्टरांनी डोस १०० वर आणला अन् सुट्टीचे सात दिवस येळवशीला येतील असं बसवून दिलं. मायनं चुलीपुढं बसून भज्जी केली, आंबील मात्र मला घुसळायला लावलं. तीन महिन्यांनी स्कॅन झाला, आजार जिथं होता तिथंच आहे.